खारिसचें सेवापुस्तक

आमच्या थोरल्या बंधूंनीं सदतीस वर्षें एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेंत काढलीं, आणि तेवढा काळ त्यांनीं दुसऱ्यांचीं सेवापुस्तकें लिहिलीं. ज्यांचा सरकारी नोकरीशीं संबंध आलेला नाहीं त्यांस सांगितलें पाहिजे कीं, सेवापुस्तक म्हणजे नोकराची कुंडली, रोजकीर्द आणि मृत्युपत्र हीं तिन्ही एकाच पुठ्ठ्यांत बांधलेलीं. मनुष्य जन्मला केव्हां, कामावर रुजू झाला केव्हां, कोठून कोठें बदलला, मध्यें किती दिवस नाहींसा झाला होता आणि त्या नाहींसें होण्यास कोणी क्षमा केली, हें सारें त्यांत तारीखवार लिहिलेलें असतें. आणि जें त्यांत लिहिलेलें नाहीं तें घडलेंच नाहीं असें समजण्याचा प्रघात आहे. बंधूंच्या ठायीं हा प्रघात नसून धर्म होता. लग्नाच्या पंक्तींत कोणीं आपल्या मुलाचें वय सांगितलें, कीं ते मनांतल्या मनांत तें आईबापांच्या लग्नाच्या तारखेशीं ताडून पाहत.

अशा गृहस्थास आम्हीं २०२० च्या टाळेबंदींत, निव्वळ करमणूक म्हणून, ममीचे बोलपट दाखविले. त्याचा जो परिणाम झाला तो सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

आम्हांस जुन्या भयपटांचें वेड आहे. त्याचें समर्थन करीत बसत नाहीं. तपकिरीची सवय असलेला मनुष्य तपकिरीचे गुण सांगत नाहीं, फक्त डबी पुढें करतो. तशीच आम्हीं ही डबी पुढें केली. अमेरिकेंतील युनिव्हर्सल कंपनीनें १९३२ सालीं बोरिस कार्लॉफ ह्या नटास घेऊन ‘द ममी’ हा बोलपट काढला. तो स्वयंपूर्ण होता आणि चांगला होता, म्हणून त्याच्याविषयीं येथें फारसें बोलण्याचें कारण नाहीं. पुढें १९४० सालीं त्याच कंपनीनें एक नवी ममी उभी केली. तिचें नांव खारिस. ‘द ममीज् हँड’ (१९४०), ‘द ममीज् टूम’ (१९४२), आणि ‘द ममीज् घोस्ट’ व ‘द ममीज् कर्स’ (दोन्ही १९४४) असे चार बोलपट ह्या खारिसच्या नांवावर आहेत; प्रत्येक एका तासाच्या आसपासचा.

कथा थोडक्यांत अशी. तीन हजार वर्षांपूर्वीं इजिप्तांत अनांका नांवाची राजकन्या वारली. खारिसचें तिच्यावर प्रेम. तिला जिवंत करण्यासाठीं त्यानें ताना नांवाच्या झाडाचीं निषिद्ध पानें चोरलीं, पकडला गेला, त्याची जीभ कापून त्यास जिवंत पुरण्यांत आलें. तेव्हांपासून पुजाऱ्यांची एक परंपरा त्यास राखीत आली आहे. तीन पानांच्या काढ्यानें त्याचें हृदय चालू राहतें, नऊ पानांच्या काढ्यानें तो उठून चालूं लागतो, आणि अनांकेचें थडगें ज्यानें उघडलें असेल त्याचा गळा दाबतो. हें ऐकतांच बंधु म्हणाले, “तीन पानें म्हणजे निर्वाहभत्ता आणि नऊ म्हणजे पूर्ण वेतन. ठीक आहे.” तेव्हां आम्ही हांसलों. पुढें काय वाढून ठेवलें आहे ह्याची आम्हांस कल्पना नव्हती.

पहिला बोलपट त्यांनीं निमूटपणें पाहिला. स्टीव्ह बॅनिंग हा संशोधक आणि बेब जेन्सन हा त्याचा विनोदी सोबती कैरोच्या बाजारांत एक फुटकें भांडें विकत घेतात, एका जादूगाराच्या पैशावर मोहीम काढतात, थडगें सांपडतें, आंडोहेब नांवाचा पुजारी देवळाच्या पायऱ्यांवर बेबची गोळी खाऊन गडगडत खालीं येतो, आणि खारिस आगींत जळून जातो. सर्व यथास्थित झालें. दुसऱ्या दिवशीं ‘टूम’ लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा बॅनिंग आपल्या घरच्यांस ती मोहीम सांगूं लागला; तीस वर्षांपूर्वींची गोष्ट म्हणून पहिल्याच बोलपटांतले तुकडे पुन्हां दाखवूं लागला; आणि बंधूंनीं हात वर केला.

“थांबव जरा. तीस वर्षांपूर्वीं?”

“हो.”

“आणि हें चित्र निघालें बेचाळीस सालीं?”

“हो.”

“मग बारा सालीं अमेरिकन लोक असले कोट घालीत होते काय?”

ते उठले, आणि आपल्या खोलींतून एक कोरी वही, पट्टी व दोन रंगांचीं पेनें घेऊन आले. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनीं रकाने आंखले: अनुक्रमांक, नांव, जन्मतारीख, रुजू झाल्याचा दिनांक, सेवाखंड, पुरावा, शेरा. दोन वर्षें निवृत्तींत घालविलेल्या त्या हातांस पुन्हां काम मिळालें होतें. उरलेले बोलपट मग आम्हीं पाहिले असें म्हणवत नाहीं. ते तपासण्यांत आले.

ती वही आज आमच्यापुढें आहे. तींतील कांहीं नोंदी वाचकांस दाखविल्यावांचून राहवत नाहीं. पुजारी आंडोहेब १९४० सालीं गोळीनें मेला, पण दुसऱ्या बोलपटांत तो पुन्हां हजर आहे आणि सांगतो कीं, गोळीनें आपला हात तेवढा निकामी झाला. शेरा: “वैद्यकीय दाखला जोडलेला नाहीं.” बेब जेन्सन दुसऱ्या बोलपटांत बेब हॅन्सन होतो. नट तोच, मित्र तोच, मरण मात्र हॅन्सनला येतें. शेरा: “नांवांतील बदल राजपत्रांत प्रसिद्ध झाल्याचें दिसत नाहीं.” पुजाऱ्यांचा संप्रदाय प्रथम कर्नाकचा आहे, तिसऱ्या बोलपटांत तो आर्कामचा होतो. शेरा: “विभागाचें नामांतर? परिपत्रक मागवावें.” स्वतः खारिसचें पान तर पाहण्यासारखें आहे. पहिल्या बोलपटांत त्यास पुरतांना जीं दृश्यें दाखविलीं तीं कंपनीनें काटकसरीसाठीं १९३२ च्या ‘द ममी’मधून उचललीं. त्यामुळें दुरून दिसतो तो कार्लॉफ, आणि जवळून दिसतो तो टॉम टायलर. पुढच्या तिन्ही बोलपटांत पट्ट्यांच्या आंत लॉन चेनी धाकटा आहे. शेरा: “हुद्दा एक, इसम तीन. छायाचित्र साक्षांकित नाहीं.” आणि आगींत जळाल्यापासून पुन्हां चालूं लागेपर्यंतच्या काळासमोर, सेवाखंडाच्या रकान्यांत, तांबड्या शाईनें: “तीस वर्षें. क्षमापित करणारा अधिकारी कोण?”

परंतु खरा घोळ सालांचा. ‘टूम’च्या शेवटीं बॅनिंगच्या मुलास लष्करांतून बोलावणें येतें व तो घाईनें लग्न उरकतो. लढाई दुसऱ्या महायुद्धाची धरली तर तो बोलपट १९४२ मध्यें घडतो आणि पहिला १९१२ मध्यें. पण पहिल्यांतील कपडे, केस, बोलण्याची ढब, सारें १९४० चें आहे. उलट पहिला १९४० चा धरला तर दुसरा १९७० चा होतो. बंधूंनीं येथें बराच विचार केला आणि एकाएकीं आनंदानें म्हणाले, “सत्तर सालींसुद्धां अमेरिकेंत मुलांना लष्करांत बोलावीत होते! व्हिएटनाम!” त्या क्षणीं त्यांची मुद्रा एखादें जुनें थकलेलें बिल मंजूर झाल्यासारखी दिसत होती. तेव्हां १९७० कायम झालें. तिसरा बोलपट त्याच्या मागोमागच घडतो. त्यांत खारिस मॅसॅच्युसेट्समधील मॅपलटन गांवीं एका मुलीस उचलतो. तिचें नांव अमीना. तिच्या देहांत अनांकेचा आत्मा शिरलेला आहे. तिला घेऊन तो दलदलींत उतरतो, आणि दोघेही बुडतात. नायक कांठावर उभा राहतो, त्याचा कुत्रा भुंकतो, आणि बोलपट संपतो. नायिका वांचत नाहीं. हा शेवट त्या काळांत धाडसाचा होता, आणि आजही तो पाहतांना मनांत कांहीं हलतें.

सहा महिन्यांच्या आंत चौथा बोलपट आला. त्यांत ही दलदल उपसण्याचें काम चाललें आहे, आणि मजूर सांगतात कीं, पंचवीस वर्षांपूर्वीं ममी येथेंच बुडाली. म्हणजे साल झालें १९९५. कपडे अर्थात् १९४४ चेच. पण हें कांहींच नव्हे. ती दलदल आतां लुइझियानांत आहे!

वाचकांनीं नकाशा पाहावा. मॅसॅच्युसेट्स उत्तरेच्या थंडींत, लुइझियाना दक्षिणेच्या आखातावर; मध्यें सुमारें दीड हजार मैल. ह्या बदलाविषयीं बोलपटांत कोणी एक शब्द काढीत नाहीं. बंधु त्या रात्रीं जेवले नाहींत असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण पोळी हातांत धरून ते हिशेब करीत होते हें आम्हीं पाहिलें. खारिस लंगडा, तासास एक मैल, रात्रींचे आठ तास, म्हणजे दोनशें रात्रींच्या आंत तो लुइझियानांत पोंचतो, आणि हाताशीं तर पंचवीस वर्षें आहेत. “पण चालणार ती ममी,” शेवटीं ते खिन्नपणें म्हणाले, “दलदल कशी चालेल?”

१९९५ सालाचा आम्हीं स्वतःशीं थोडा विचार केला. त्या सप्टेंबरांत गणपति दूध पितो अशी वार्ता उठून आमच्या आळींतल्या मारुतीच्या देवळापर्यंत रांग लागली होती. मारुतीच्या देवळांत गणपति कोठला, हें त्या रांगेंत कोणीं विचारलें नाहीं. त्याच वर्षीं लुइझियानांत खारिस फिरत होता असें कोणीं त्या दिवशीं सांगितलें असतें, तर आम्हीं त्यास अगदींच खोटें पाडलें असतें असें वाटत नाहीं.

हे बोलपट असे कां झाले ह्याचें उत्तर सोपें आहे, आणि तें लाजिरवाणें नाहीं. ते दुय्यम दर्जाचे बोलपट होते. एका तिकिटांत दोन दाखवावयाचे, त्यांतला एक. थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत, दुसऱ्या चित्रांसाठीं उभारलेल्या देखाव्यांत ते उरकीत. एका आठवड्यानें ते चित्रगृहांतून जात, आणि गेले म्हणजे गेलेच. दोन वर्षांनीं पुढचा भाग येई तेव्हां प्रेक्षकास आठवे तें इतकेंच कीं एक ममी होती, ती जळली, आणि एक मुलगी होती. तेवढें जुळलें कीं झालें. पुढें १९५७ सालीं युनिव्हर्सलच्या बावन्न जुन्या चित्रांचा एक गठ्ठा अमेरिकेंत दूरचित्रवाणीस विकण्यांत आला, आणि तीं घरोघर रात्रीं दिसूं लागलीं. त्यानंतर फिती, तबकड्या आणि आमच्या दिवाणखान्यांतील हा पडदा. आतां पाठोपाठच्या रात्रीं चार बोलपट पाहून तिसऱ्यांतील दलदल चौथ्याशीं ताडून पाहणें शक्य झालें. आम्हांस तर असें वाटूं लागलें आहे कीं, चूक ह्या बोलपटांत नव्हतीच. तिसऱ्यांत दलदल मॅसॅच्युसेट्समध्यें आहे, आणि तें ठीक आहे. चौथ्यांत ती लुइझियानांत आहे, आणि तेंही ठीक आहे. चूक राहते ती दोन कागदांच्या मधल्या जागेंत, आणि कोणीतरी ते दोन्ही कागद जवळ आणीपर्यंत ती जन्मास येत नाहीं. जो ते जवळ आणतो त्याची त्यांत कांहीं गुंतवणूक असावी लागते. उगीच कोणी एवढे श्रम घेत नाहीं.

आमच्या पौराणिकांस ही अडचण फार पूर्वीं आली होती. एकच कथा दोन पुराणांत दोन तऱ्हांनीं येते, कोणाचा बाप बदलतो, कोणाचा शाप बदलतो, श्रोत्यांतून एखाद्यानें तसें विचारलें तर पुराणिकबुवा पोथीवरून मान वर न करतां सांगत, “कल्पभेद.” एका कल्पांत असें झालें, दुसऱ्या कल्पांत तसें झालें, दोन्ही खरीं. अलीकडच्या भयपटवाल्यांनीं हीच युक्ति पत्करली आहे. ‘हॅलोवीन’ ही मालिका १९७८ पासून चालली आहे. तिच्यांतील लॉरी ही नायिका १९८८ च्या भागांत अपघातांत वारलेली असते व तिच्यामागें एक लहान मुलगी असते. १९९८ च्या भागांत ती नांव बदलून एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली असते, आणि त्या मुलीचा उल्लेखही नाहीं. २००२ मध्यें ती मारली जाते. २०१८ मध्यें ती आजी होऊन बंदुका साफ करीत बसलेली असते, कारण त्या भागानें पहिल्या चित्राखेरीज सगळीं चित्रें रद्द समजलीं. मारेकरी हा तिचा भाऊ, हें १९८१ सालीं जाहीर झालेलें नातेंदेखील २०१८ सालीं रद्द झालें. आम्हीं हें बंधूंस मोठ्या कौतुकानें सांगितलें. त्यांस तें मुळींच आवडलें नाहीं. “म्हणजे खाडाखोडसुद्धां करायची नाहीं, एकाच इसमाचें दुसरें सेवापुस्तक उघडायचें! अरे, ह्याच्यासाठीं आम्हीं माणसें निलंबित केलीं आहेत.” खारिसच्या मालिकेविषयीं मात्र ते त्या दिवसापासून किंचित् आदरानें बोलूं लागले. निदान तिनें पुस्तक एकच ठेवलें होतें. चुकीचें लिहिलें, पण पान फाडलें नाहीं.

बखरकारांची गोष्ट निघाली ती ह्याच बोलण्यांत. बखरींतील शक आणि तिथी एकमेकांशीं जुळत नाहींत ह्यावरून राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरकारांस कसें धारेवर धरलें तें आम्हीं सांगत होतों. त्यावरून शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा वाद आला. बखरींच्या आधारें कितीएक पिढ्या १६२७ साल धरीत आल्या. टिळकांनीं १९१६ मध्यें जेधे शकावली प्रसिद्ध केली तींत १६३० निघालें. आणि सरकारनें तें मान्य केलें २००१ मध्यें.

“पंचाऐंशीं वर्षांनीं कां होईना, महाराजांची तारीख दुरुस्त झाली,” बंधु म्हणाले. मग वही मिटून म्हणाले, “माझी नाहीं झाली.”

येथें आम्हांस थोडी घरची हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही दोघे भाऊ १ जूनला जन्मलों आहों. जुळे नव्हे, आमच्यांत सहा वर्षांहून अधिक अंतर आहे. आमच्या गांवच्या शाळेंत नांव घालण्यास मुलगा आला आणि जन्मदाखला नसला, कीं मास्तर त्याच्याकडे एकवार पाहत, उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो काय तें बघत, आणि रजिस्टरांत १ जून लिहीत; सालाचा निवाडा कानावरून होई. महाराष्ट्रांत आमच्या पिढीचीं असंख्य माणसें अशा रीतीनें १ जूनला जन्मलीं. आमच्या वर्गांतलीं निम्म्याहून अधिक मुलें त्याच दिवशींचीं होतीं. आमच्या पुरतें ठीक झालें, कारण आई सांगे कीं कोयनेचा भूकंप झाला तेव्हां आम्ही सव्वा महिन्याचे होतों. म्हणजे १९६७ ची दिवाळी. मास्तरांनीं पांच महिने आधीं जन्मास घातलें, इतकेंच. बंधूंच्या रजिस्टरांत मात्र १ जून १९६० पडलें. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर आदल्याच दिवशीं निवृत्त होतो असा नियम असल्यानें, ३१ मे २०१८ रोजीं त्यांच्या गळ्यांत हार पडला.

त्यांचें म्हणणें असें कीं, आपला जन्म १९६१ च्या भाद्रपदांतला. आधार आईचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासला गेलें, आणि पुण्यांत नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत होतें. आईला सातवा महिना होता. शेजारच्या बायकांनीं तिला मध्यें धरून उंचावरच्या वस्तीकडे नेलें. देवांचा डबासुद्धां तिला कोणी उचलूं दिला नाहीं. बिऱ्हाड गेलें, वडिलांनीं तिला सातारा जिल्ह्यांतील मूळ गांवीं पोंचविलें, आणि दोन महिन्यांनीं तेथें बंधूंचा जन्म झाला. त्या धांदलींत नोंद कोण करतो? हें खरें धरलें तर बंधु ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत नोकरींत राहावयाचे. सोळा महिन्यांचा पगार, आणि त्यावर जें जें पुढें बसतें तें सारें.

जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीस लागल्यापासून पांच वर्षांच्या आंत यावा लागतो. बंधूंचा अर्ज गेला २००९ सालीं. तो फेटाळला जाणार हें त्यांस ठाऊक होतें. तसली फेटाळणी त्यांनीं स्वतःच्या हातानें कित्येकांस लिहिली होती. तरीही त्यांनीं आईचें प्रतिज्ञापत्र जोडलें. फेटाळणीचा कागद आला त्याचें त्यांस फारसें दुःख झालें नाहीं. दुःख झालें तें निराळ्याच गोष्टीचें. त्यांच्या शाखेंतील एक गृहस्थ तें प्रतिज्ञापत्र वाचून हांसले. गणपतींत आमच्या घरीं ते चहास येत असत, आणि पानशेतची गोष्ट त्यांनीं आईच्या तोंडून ऐकलेली होती.

कारण पाहुण्यांत आई ती गोष्ट वेगळी सांगे. पाणी पोटऱ्यांशीं आलेलें; मागें कोणाची तरी भिंत बसल्याचा आवाज; एका हातांत देवांचा डबा, आणि दुसऱ्या कडेवर दादा. तो रडत नव्हता. पाण्याकडे बोट दाखवून हांसत होता. हें सांगतांना ती उजवा हात कमरेशीं असा घेई कीं ऐकणाराला तें तेरा महिन्यांचें मूल दिसावें. आम्हीं ही गोष्ट पन्नासदां ऐकली असेल. बंधूंनीं आमच्याहून अधिक. लहानपणीं ते ती पुन्हां पुन्हां सांगावयास लावीत, आणि कडेवरचा भाग आला म्हणजे इकडे तिकडे आमच्याकडे पाहत, कारण त्या गोष्टींत आम्ही नव्हतों.

कडेवर असतील तर मास्तरांचें १९६० खरें, आणि तक्रारीस जागाच उरत नाहीं. पोटांत असतील तर तक्रार खरी, पण मग पुरांतून त्यांस कोणी कडेवर नेलें नाहीं. ते आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद जुळवीत आले होते; आपले हे दोन कागद त्यांनीं त्या दिवसापर्यंत कधीं जवळ आणले नव्हते. त्या संध्याकाळीं ते घरीं आले, आणि आईपुढें बसून, कचेरींत विचारावें तसें, त्यांनीं तिला विचारलें, “आई, पुराच्या दिवशीं मी नेमका कुठें होतों?”

आई तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, “बरोबर होतास ना रे माझ्या. कुठें होतास तें काय विचारतोस.”

तिच्याकडून ह्यापलीकडे कांहीं निघालें नाहीं. ती २०१६ सालीं गेली. बंधूंनीं तो विषय पुन्हां काढला नव्हता, तो त्या टाळेबंदीच्या दिवसांत, महाराजांच्या तारखेच्या निमित्तानें निघाला, आणि लगेच मिटला. आम्हीं विषय बदलण्यासाठीं चौथा बोलपट पुन्हां लावला. पहिल्यानें पाहिला तेव्हां दलदलीच्या भांडणांत त्यांतील एक दृश्य आमच्या हातून निसटलें होतें.

चारी बोलपटांत तेंच एक दृश्य खरोखर मोठें आहे. उपसलेल्या दलदलीच्या मातींत यंत्रांनीं चर काढलेले आहेत. भर ऊन आहे. एका ठिकाणीं माती हलते आणि तींतून एक हात वर येतो. मग दुसरा. हळूहळू एक स्त्री मातींतून निघते. केसांवर, पापण्यांवर, सर्वांगावर चिखल वाळलेला. उभें राहणें ती विसरली आहे. ती सूर्याकडे तोंड करते आणि ताठ, अडखळत, पहिल्यांदां पाय वापरीत असल्याप्रमाणें चालूं लागते. पाण्यापाशीं येते, पाण्यांत उतरते, आणि बाहेर येते ती तरुण होऊन. व्हर्जिनिया क्रिस्टीन ह्या नटीनें तें काम केलें आहे. आधींच्या बोलपटांत बुडाली ती अमीना, रॅम्से एम्सच्या चेहऱ्याची. बुडतां बुडतां म्हातारी झालेली. वर आली ती निराळ्याच चेहऱ्याची, आणि अमीनेचें नांव आतां कोणी घेत नाहीं. आपण कोण हें तिला ठाऊक नाहीं. पुढें तिला एका संशोधकाच्या तळावर काम मिळतें, आणि तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तू ती अचूक ओळखते, पण कशा ओळखल्या हें तिला सांगतां येत नाहीं. मधून मधून झोपेंत असल्यासारखी ती खारिसला हांक मारते.

ह्या दृश्यास उपसलेली दलदल हवी, प्रखर ऊन हवें, आणि सर्व माणसें विसरून जातील इतकीं वर्षें हवींत. कंपनीच्या कचेरींत त्या वेळीं आमच्या बंधूंसारखा एखादा मनुष्य असता, तर त्यानें कथेच्या कागदावर दलदलीपाशीं तांबडी खूण केली असती, आणि ती स्त्री मातींतून वर आली नसती. हें आमच्या मनांत आलें. आम्हीं तें बोलून दाखविलें नाहीं. बंधु पडद्याकडे पाहत होते. ती पाण्यापाशीं पोंचेपर्यंत त्यांनीं पेन हातांत घेतलें नाहीं. बोलपट संपल्यावर, “जा, नीज आतां,” असें ते आम्हांस म्हणाले, साठीकडे निघालेल्या मनुष्यास म्हणावें तसें नव्हे, आणि दिवा ठेवून बसले.

वहींतील शेवटची नोंद त्या रात्रींची आहे. अक्षर नेहमींप्रमाणें घोटीव. नांव: अनांका. जन्मतारीख: कोरी. रुजू झाल्याचा दिनांक: कोरा. सेवाखंडाच्या रकान्यांत नुसती एक आडवी रेघ. पुरावा: “समक्ष पाहिली.” आणि शेऱ्यांत, काळ्या शाईनें: “वय ग्राह्य. दलदल कोठें होती तें विचारूं नये.” खालीं त्यांची आद्याक्षरी सही आहे.